चाळीस मिनिटांचा वर्ग

“सर, तुमचा कान दिसतोय,” मी म्हटलं.

देविदासरावांनी मोबाईल कानाला आणखी घट्ट लावला. “हां हां, बोला. आवाज एकदम बराबर येऊन राहिला.”

“आवाज येतोय ते खरं. पण वर्गातल्या मुलींना तुमचा नुसता कान दिसेल. मोबाईल तोंडासमोर धरा.”

“तोंडासमोर धरला तर ऐकू कसं येईन?”

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांचा कान पसरला होता, आतल्या केसांसकट. देविदासराव म्हणजे आखाडा बाळापूरच्या आमच्या लोकोदय वाचनालयाचे ग्रंथपाल. त्यांच्या शेजारी लिपिक प्रमोद आणि शिपाई कोंडीबा बसले होते आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने तो कान बघत होते. या तिघांना व्हिडिओ कॉलवर वर्ग घ्यायला शिकवायचं, असा मला हुकूम होता.

हुकूम अध्यक्षांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा. वाचनालयाची इमारत त्यांच्या वडिलांच्या नावाची आणि ग्रंथपाल त्यांचे सख्खे मेहुणे. मेहुण्यांनी शेवटचं पुस्तक कधी वाचलं हे खुद्द त्यांनाही सांगता यायचं नाही. कपाटांच्या किल्ल्या मात्र ते कमरेला लावून फिरतात, आणि कुणी पुस्तक मागितलं की आधी त्या माणसाकडे संशयाने बघतात. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्या इमारतीत एकाच माणसाकडे आहे. ती माझ्याकडे आहे, म्हणून मी देवघेवीच्या टेबलावर बसते. कार्यक्रम असला की सत्काराचे नारळ बाजारातून आणायचं काम माझं, आणि ते मान्यवरांच्या हातात द्यायचं काम त्यांचं.

वर्ग मी सुरू केला होता, आणि तोही कुणाला न विचारता. आमच्या आसपासच्या तांड्यांवरची माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. घरी राहतात म्हातारी माणसं. पोरींना आईबाप सोबत नेतात, दहावीचं वर्ष असलं तरी नेतात. माझ्याकडून गोष्टींची पुस्तकं नेणारी मिना राठोड अशीच निघाली. जायच्या आधी पुस्तक परत करायला आली आणि म्हणाली, “ताई, गणित राहून जाईन माझं.” एवढंच. रडली वगैरे नाही. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या फोनवर शिकवते.

सुरुवातीला ती एकटीच होती. मग तिच्या टोळीतल्या, दुसऱ्या ठिकाणी गेलेल्या अशा आणखी काही पोरी जोडल्या गेल्या. वाचनालय बंद झालं की मी कपाटांच्या मधे खुर्ची टाकून बसायची आणि शिकवायची. फुकटातला कॉल चाळीस मिनिटं झाली की आपोआप तुटतो. तेवढ्यात बसेल तेवढं. तिकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला फोन, मागे भाकरी थापायचा आवाज, मधेच कुणाचं तरी शेरडू. तरी पोरी चुकायच्या नाहीत.

माझी आई पद्माबाई जन्मभर लोकांची हळद शिजवायला गेली. हंगामात तिच्यासोबत मीही, आणि माझी शाळा बुडायची. मास्तरांनी त्यावर एकच गोष्ट केली, हजेरीतून माझं नाव काढून टाकलं. दोनदा काढलं, दोनदा आईने जाऊन परत घालायला लावलं. त्याचा राग माझ्यात अजून आहे, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

तर झालं असं, की कुणीतरी या वर्गाची बातमी पेपरात दिली. भाऊसाहेबांनी ती वाचली, आणि तिच्यात आपलं नाव नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं.

“सपनाबाई,” ते म्हणाले, “काम चांगलं करून राहिल्या तुमी. पन संस्थेचं काम संस्थेनं केलं पायजे. एका बाईच्या नावावर काहून? आपल्या सगळ्या स्टाफला शिकवा. हितून पुढं देविदासराव गणित घेतीन, प्रमोद इंग्रजी. तुमी तांत्रिक बाजू पाहा.”

तांत्रिक बाजू म्हणजे बटणं दाबणं.

मी शिकवायला लागले. वाटलं, प्रमोदला तरी लवकर जमेल. तो दिवसभर मोबाईलवर नाचगाणी बघत असतो. त्याने देविदासरावांच्या मांडीला मांडी लावून स्वतःच्या फोनवरून कॉल जोडला, दोन्हीकडचे आवाज पूर्ण सोडले, आणि अशी कर्कश शिट्टी निघाली की बाहेर पेपर वाचत बसलेले म्हातारे उठून आत आले. “मशीन खराब हाये,” प्रमोदने निदान केलं. कोंडीबाने प्रसंगावधान राखून टीव्हीची वायरच उपटली. शेवटी तोडगा असा निघाला की टीव्हीचा आवाज कायमचा बंद ठेवायचा. म्हणजे मुली काय बोलतात ते इकडे ऐकू येणार नाही, असं मी म्हटलं. “त्याहीला काय बोलाचं हाये?” देविदासराव म्हणाले. “शिकवनार तं आपन.”

मग फळा. देविदासरावांना कॅमेऱ्यासमोर उभं करून मी लिहायला लावलं. त्यांनी ‘गणित’ असं लिहिलं, वळून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. आपल्याला आपलं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, मुलींना ते सुलटंच दिसतं, हे मी समजावलं. माझ्या फोनवर दाखवायला गेले तर त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही.

“माज्या डोळ्यानं मी उलटं पाहून राहिलो अन् तुमी मला सुलटं सांगता?”

खडू घेऊन त्यांनी मोठ्या जिद्दीने तोच शब्द उलटा लिहायला घेतला. कपाळावर घाम येईपर्यंत खपून एक उलटा ‘ग’ निघाला. पडद्यावर तो सुलटा दिसला तेव्हा कोंडीबाने टाळ्या वाजवल्या. मुलींना आता तो उलटा दिसणार होता, पण मी काही बोलले नाही. माणसाने किती बोलायचं? पुढच्या अक्षराला त्यांचा हात दुखला आणि फळाच रद्द झाला. “तोंडानंच शिकवू,” ते म्हणाले. “फळ्यानं काय व्हते?”

एक गोष्ट मात्र तिघांनाही पहिल्या दमात आली. पडद्याचा फोटो कसा काढायचा. तो कुणाला पाठवायचा हेही मला त्यांना सांगावं लागलं नाही.

आणि वर्ग सुरू करायचा म्हणजे उद्घाटन आलं. आमच्याकडे दिव्याला काडी लावल्याशिवाय आणि चार जणांच्या गळ्यात हार पडल्याशिवाय नळाचं पाणीसुद्धा सुटत नाही. येत्या रविवारचा मुहूर्त ठरला. मी कार्यक्रमाचा कागद बघितला. प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. त्यात गणित कुठे आहे, असं विचारल्यावर देविदासरावांनी पेन काढलं आणि आभाराच्या खाली, समासाला खेटून, ‘वर्ग’ असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी देवलाचा फोन आला.

“ताई, मी देवला बोलून राहिलो. मिनाचा बाप.”

एरवी फोन मिनाच्या हातात असायचा. बाप कधी बोलला नव्हता.

“बोला भाऊ. मिना बरी आहे ना?”

“बरी हाये. तिच्यासाठीच फोन केला. हितं टोळीत एक पोरगं हाये, चांगलं हाये. त्याच्या बापानं इचारलं मला. लगीन लावून दिलं तर दोघाचा नवा कोयता व्हते.”

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उसाच्या फडात माणसं अशीच मोजतात. मिनाला सोळावं लागलं होतं.

“भाऊ, परीक्षा तोंडावर आलीय,” मी म्हटलं. “एवढी होऊ द्या.”

“पोरगी बी त्येच म्हनते. दोन दिस झाले जेवली न्हाई.” तो म्हणाला. “ताई, मी शिकलेला न्हाई. त्या फोनात काय चालते मला समजत न्हाई. पोरगी फोन घिऊन बसते, मला वाटते टाइमपास करून राहिली. येत्या ऐतवारी टोळीला सुट्टी हाये. मी सोता तिच्यासंगं बसतो अन् ऐकतो. खरंच काई शिकवनं आसंल, तर तिला घिऊन गावाकडं येतो, परीक्षा दिऊ देतो. न्हाई तर जाऊ द्या. उगं लेकराला आशा लावू नका.”

येत्या रविवारी उद्घाटन होतं.

मी रात्रभर विचार करत वगैरे बसले नाही. सकाळी सरळ भाऊसाहेबांच्या घरी गेले. म्हटलं, रविवारी आधी शिकवणं ठेवा, सत्कार नंतर ठेवा. कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो. एका पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, बाप ऐकायला बसणार आहे. भाऊसाहेब दाढी करून घेत होते. साबण लावलेल्या तोंडाने त्यांनी सगळं ऐकलं आणि ते खूश झाले.

“म्हंजे पालक बी हजर राहनार? अरे वा! मंग त्यांचा बी सत्कार ठिवू. ऊसतोड कामगाराचा सत्कार. सपनाबाई, एक शाल जादा आना.”

मी शाल आणली. काय करणार होते? नोकरी होती ती माझी.

रविवारी वाचनालयात सतरंज्या अंथरल्या होत्या. टीव्हीला झेंडूचा हार, लॅपटॉपभोवती रांगोळी. कार्यकारिणीचे सगळे सदस्य इस्त्रीचे कपडे घालून आले. वर्षाच्या सभेला यातले निम्मे येत नाहीत. भाऊसाहेबांनी मला दोन सूचना केल्या. पहिली, सगळं रेकॉर्ड झालं पाहिजे. दुसरी, मधे मधे पोरींची तोंडं पडद्यावर यायला नकोत, शेवटपर्यंत आपणच मोठे दिसलो पाहिजे. मी दोन्ही व्यवस्था केल्या. लॅपटॉपचा कॅमेरा मंचावर लावून तेच चित्र सगळ्यांना मोठं दिसेल असं करून ठेवलं. मी स्वतः माझ्या फोनवरून कॉलमध्ये होते, कॅमेरा बंद ठेवून, कोपऱ्यात, तांत्रिक बाजू पाहत.

माझ्या फोनवर मला मुलींच्या चौकटी दिसत होत्या. मिनाच्या चौकटीत उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीसमोर पोत्यावर बसलेली मिना, मांडीवर वही, आणि शेजारी देवला. त्याने अंघोळ केली होती, डोक्याला धुतलेला टॉवेल बांधला होता. हात गुडघ्यांवर ठेवून तो ताठ बसला होता.

कार्यक्रम सुरू झाला. प्रतिमांना हार घालताना कोणी आधी घालायचा यावर थोडी ओढाताण झाली. दिव्याची वात पंख्याने विझत होती, पंखा बंद करायचं बटण कुणाला सापडेना. स्वागतगीत झालं. देविदासरावांनी प्रास्ताविकात वाचनालयाचा पाया खणला तिथपासून सुरुवात केली. मग देविदासरावांनी भाऊसाहेबांचा सत्कार केला आणि भाऊसाहेबांनी देविदासरावांचा. प्रमोदने उपाध्यक्षांचा, उपाध्यक्षांनी प्रमोदचा. सगळे एकाच गावचे, रोज एकाच टपरीवर चहा पिणारे, आणि एकमेकांना शाली पांघरवून गदगदून हसत होते.

तिकडे मिनाने वहीचं पान उघडलेलं होतं. पेनाचं टोपण मागे लावलेलं होतं. एकेक मिनिट जात होतं आणि देवला एकदा फोनकडे, एकदा पोरीकडे बघत होता.

“आता आपन ऊसतोड कामगार पालक श्रीयुत देवला राठोड यांचा सत्कार करनार आहोत,” देविदासराव लॅपटॉपला तोंड लावून ओरडले. “त्यांनी जागेवरूनच सत्कार स्वीकारावा!”

भाऊसाहेबांनी शाल उलगडली आणि टीव्हीवर टाकली. टाळ्या झाल्या. त्या शालीने पडदा सगळा, कडेच्या छोट्या चौकटींसकट, झाकला गेला, त्यामुळे तिथल्या एकाही माणसाला देवला दिसला नाही. माझ्या फोनवर मला दिसला. त्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला होता आणि फोनसमोर मान खाली वाकवली होती. टाळ्या थांबल्या तरी तो वाकलेलाच होता, कारण आता उठावं की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मिनाने त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा त्याने मान वर केली.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. जेमतेम आठ-नऊ मिनिटं उरली होती, आणि भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. “मी तुमचा फार वेळ घेनार न्हाई,” ते म्हणाले.

या तिघांना मी सगळं शिकवलं होतं. एक गोष्ट शिकवायची राहिली होती, कारण त्यांनी विचारलीच नव्हती. कॉल ज्याने सुरू केला त्याला कुणाचाही आवाज बंद करता येतो. कॉल मी सुरू केला होता.

मी माझ्या फोनवरून लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि उठून मागच्या खोलीत कपाटांच्या रांगेत गेले. भाऊसाहेब हातवारे करत बोलतच राहिले. सभागृहात त्यांचा आवाज घुमत होता, त्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. कोंडीबाने मला जाताना बघितलं. त्याने फक्त मधलं दार ओढून घेतलं.

“मिना, ऐकू येतंय का?”

“ताई! व्हय, येऊन राहिलं!”

मागून देवलाचा गोंधळलेला आवाज आला. “हे कोन बोलून राहिलं? त्या सायबाचा आवाज काहून बदलला?” त्यांच्या फोनवर अजून भाऊसाहेबांचंच मोठं चित्र होतं, तोंड हलत होतं, आणि आवाज माझा येत होता.

“बा, ह्या ताई हायेत. गप ऐका.”

“मिना, वेळ नाही आपल्याकडे,” मी म्हटलं. “काय अडलंय ते विचार.”

“श्रेढीचं गणित. ते नाट्यगृहाचं. पयल्या ओळीत सात खुर्च्या, मंग दर ओळीला चार चार वाढते. तर विसाव्या ओळीत किती?”

नाट्यगृह तिने जन्मात बघितलं नव्हतं, मीही एकदाच बघितलं होतं. “दर वेळी चारची भर पडते,” मी घाईघाईने म्हणाले. “ओळी वीस. वीस गुणिले चार ऐंशी. त्यात पहिल्या ओळीतले सात. झाले सत्त्याऐंशी.”

माझ्या फोनवर ती वहीत काहीतरी लिहिताना दिसली.

“ताई,” मग ती म्हणाली, “तुमचं चुकलं.”

“काय चुकलं?”

“पयल्या ओळीत कुठं वाढ झाली? वाढ दुसऱ्या ओळीपासून व्हते. म्हंजे एकोणीस वेळा. एकोणीस चोक शहात्तर. अन् सात, त्र्याऐंशी.”

मी कपाटाला डोकं टेकून मनात परत मोजलं. “हो गं. माझं चुकलं. तुझं बरोबर आहे. त्र्याऐंशी.”

“एक वजा करायचं तुमीच शिकवलं व्हतं,” ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मग तिने दुसरं गणित विचारलं, मी सांगितलं, तिने मधेच तोडून स्वतःच पुढे सोडवलं. तिसरं वाचता वाचता कॉल तुटला.

बाहेर भाऊसाहेबांचं भाषण रंगात आलं होतं. ते संपल्यावर देविदासरावांनी शालीने झाकलेल्या टीव्हीकडे तोंड करून, दूरवरून उपस्थित राहिलेल्या विद्यार्थिनींचे आणि पालकांचे मनापासून आभार मानले. नंतर चिवडा आणि पेढे वाटले. ‘वर्ग’ हा समासातला शब्द कुणाला आठवला नाही.

मी पेढ्यांची ताटं उचलत असताना माझा फोन वाजला.

“ताई, देवला बोलून राहिलो.” तो म्हणाला, “मगाशी पोरीनं तुमची चूक काढली.”

“हो भाऊ.”

“अन् तुमी व्हय म्हनल्या.”

“चुकलं होतं ना माझं.”

“मी इतके साल फडात जाऊन राहिलो,” देवला म्हणाला. “मुकादम म्हनते तितकं वजन, अन् मी म्हनतो व्हय. मला समजते तो चुकून राहिला, तरी म्हनतो व्हय. कधी तोंड उघडलं न्हाई.” मग म्हणाला, “परीक्षेला घिऊन येतो तिला. त्या पोराच्या बापाला सांगतो, न्हाई म्हनून.”

मी ताट खाली ठेवलं आणि तिथेच सतरंजीवर बसले. कोंडीबा म्हणाला, “ताई, तब्येत बरी न्हाई काय?” मी म्हटलं, बरी आहे, पेढा खातेय.

दोन दिवसांनी भाऊसाहेबांना आपलं भाषण बघायची हौस आली. कार्यकारिणीला बोलावून, टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा करून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. सत्कारापर्यंत सगळं छान चाललं. मग पडद्यावर भाऊसाहेब उभे राहिले, छाती फुगवून त्यांनी हात वर केला, ओठ हलले, आणि माझ्या आवाजात म्हणाले, “वीस गुणिले चार ऐंशी.” उपाध्यक्षांना ठसका लागला. त्यानंतर भाऊसाहेबांनी मूठ आपटून, डोळे मोठे करून सर्वांसमोर कबूल केलं, “हो गं. माझं चुकलं.” प्रमोद हसू दाबायला बाहेर पळाला तो परत आलाच नाही.

माझ्याकडून कुणी खुलासा मागितला नाही. खुलासा मागायला काय झालं ते आधी नीट कळावं लागतं. देविदासराव फक्त म्हणाले, “बाई, संस्थेचा अपमान केला तुमी,” आणि वर्ग माझ्याकडून काढून घेतला. वर्गाच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा ठरला. तो कसा बदलायचा हे त्यांना येत नव्हतं, तेव्हा मला बाहेर काढण्यासाठी पासवर्ड कसा बदलायचा तेही मलाच शिकवावं लागलं. मी नीट शिकवलं. ते टाइप करत असताना मी तोंड फिरवून उभी राहिले, तरी त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. मी तो कधी वापरला नाही. त्यांच्या वर्गात पुन्हा पाय ठेवायची माझीच इच्छा नव्हती.

आता ते वर्ग घेतात. दर वेळी आधी सत्कार असतो. पोरी एकेक करून गळाल्या, पण फोटो येतात. संख्या कमी दिसू नये म्हणून कोंडीबा, त्याची बायको आणि प्रमोदचा मेहुणा आपापल्या फोनवरून हजर असतात. परीक्षेपर्यंत मी मिनाला साध्या फोनवर शिकवलं, वाचनालयात नाही, घरी, स्वयंपाक करता करता. बाकीच्या पोरींचे बाप फोन उचलेनासे झाले होते. त्या रविवारी त्यांनी नुसते सत्कारच ऐकले होते. मी कपाटांमागून बोलायला लागले तोवर त्यांनी फोन बंद केले होते.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी अर्धी रजा टाकून शाळेवर गेले. देवला मिनाला घेऊन वेळेच्या खूप आधी आलेला होता. मिना उन्हाने काळवंडली होती आणि तिच्या बोटांवर पाचटाचे चरे होते. चपला बाहेर काढून आत जायचं, असा तिथला नियम. फाटकाशी चपलांचा ढीग पडला होता. मिनाने आपल्या चपला काढल्या तशा देवलाने त्या ढिगात जाऊ दिल्या नाहीत, स्वतःच्या हातात घेतल्या. “हारपतीन,” तो म्हणाला. “उन्हात बिनचपलीची कशी नेऊ?” पेपर मराठीचा होता, तरी मिना माझ्याकडे बघून, “ताई, एक वजा करायचं,” असं म्हणाली आणि आत पळाली.

घंटा झाली, फाटक लागलं. त्यानंतर भाऊसाहेबांची गाडी आली. परीक्षार्थींचं गुलाबपुष्प देऊन स्वागत करायचं होतं, पण परीक्षार्थी आत पेपर लिहीत होते. देविदासराव फुलांचं ताट घेऊन उन्हात उभे राहिले, प्रमोद मोबाईल घेऊन. भाऊसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. माझ्यावरून त्यांची नजर पुढे गेली आणि देवलावर थांबली.

“अरे, हे तं आपले सत्कारवाले! या, या. प्रमोद, काढ फोटो.” त्यांनी ताटातून गुलाब उचलला. “त्या चपला ठेवा खाली. फूल घ्या हातात.”

“हात मोकळा न्हाई, सायेब,” देवला म्हणाला.

“आहो, हा दुसरा हात हाये ना मोकळा.”

देवलाने आपल्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. मग दोन चपलांपैकी एक त्याने त्या हातात घेतली, आणि शाळेच्या खिडक्यांकडे तोंड करून तो तसाच उन्हात उभा राहिला.